पांढरी ढोकरी, काळा चांदवा: डी५०० आणि २००-५०० या जुन्या जोडीची बेळगाव पट्ट्यातली परीक्षा

निकॉनची २००-५०० एफ/५.६ ही लेन्स २०१५ साली आली, डी५०० ही बॉडी २०१६ साली. बॉडी २०२२ मध्ये बंदही झाली. म्हणजे आज ही जोडी घ्यायची तर जुन्या बाजारातूनच. तरीही बेळगाव, खानापूर, गोकाक, चिकोडी या भागात पक्ष्यांच्या मागे हिंडणाऱ्याला पैशाच्या मानाने एवढं देणारी दुसरी जोडी सापडणं कठीण. नव्या मिररलेस बॉडी पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतात आणि उजेड किती पडणार हे खिडकीतच दाखवतात. डी५०० यातलं काहीच करत नाही. ते काम आपलं.

निकाल आधीच सांगतो. हिडकलचा जलाशय, धुपदाळचा बंधारा, बेळगावचा किल्ला तलाव अशा उघड्या पाण्यावर ही जोडी पैकीच्या पैकी गुण घेते. घाटाकडच्या जांबोटी-कणकुंबीच्या रानात मात्र ती एक स्टॉप कमी पडते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आणि तो स्टॉप कुठल्याही सेटिंगमधून निघत नाही. ‘लेन्स सॉफ्ट आहे’ म्हणून ज्या प्रती विकायला निघतात, त्यांच्या बाबतीत आधी हवा, शटर आणि फिल्टर तपासावेत. काच बिचारी पुष्कळदा निर्दोष असते.

लेन्स कॉलरसकट (ट्रायपॉडला जोडायची कडी) २,३०० ग्रॅम, बॉडी बॅटरी-कार्डासह ८६० ग्रॅम. तीन किलो १६० ग्रॅम गळ्यात अडकवून कोणी दिवस काढू नये. पट्टा लेन्सच्या कॉलरला लावायचा, बॉडीला नाही, नाहीतर सगळा भार माउंटवर, म्हणजे लेन्स-बॉडीच्या जोडावर येतो. हातात धरताना डावा तळवा लेन्सच्या पुढच्या भागाखाली आणि कोपर बरगडीला टेकलेलं. धुपदाळला उभं राहून काम करायचं तर मोनोपॉड आणि त्यावर पुढे-मागे झुकणारं साधं हेड पुरतं. गाडीतून काढायचं असेल तर बीनबॅगला तोड नाही. बाजारात ती रिकामी मिळते, आत दोन-अडीच किलो जोंधळा भरायचा, तोही पाऊण पिशवीच. गच्च भरली तर लेन्स वरून घरंगळते, सैल ठेवली तर दाण्यांत रुतून बसते. मिरगाच्या आधी जोंधळा काढून टाकावा, दमट हवेत किडे होतात. गाडीचं इंजिन बंद हवं. चालू इंजिनची थरथर बीनबॅग पूर्ण खात नाही.

झूमची कडी लांब फिरते. २०० वरून ५०० वर एका झटक्यात जाता येत नाही, मनगट मध्ये एकदा सोडून परत धरावं लागतं. उडता पक्षी शोधायला ३०० च्या आसपास ठेवून मग पुढे जाणं सोयीचं. लॉक फक्त २०० वर लागतो. झूम केल्यावर नळी पुढे येते आणि तोल बदलतो, म्हणून मोनोपॉडवर कॉलर ५०० वर असताना तोलून बसवावी. कॉलरच्या पायाचा आकार आर्का पद्धतीचा (हेडच्या खाचेत थेट सरकणारा) नाही, प्लेट लावावीच लागते. ती घट्ट आवळून लावा, सैल राहिली तर फिरते. हूड सैल बसतो, त्यावर टेपचा एक फेरा मारून ठेवलेला बरा.

आता मुख्य गोष्ट, उजेडाचा हिशोब.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला बगळा कळत नाही. समोर जे काही आहे ते तो मधल्या राखाडीच्या हिशोबात बसवतो. जलपर्णीच्या गर्द हिरव्यापुढे बगळा छोटा असेल तर मीटर हिरव्याला उजळवायला जातो आणि बगळा जळून पांढरा डाग होतो. तोच बगळा आभाळापुढे उडाला की मीटर घाबरून अंधार करतो आणि बगळा राखेसारखा दिसतो. एकच पक्षी, एकच ऊन, दोन वेगळे आकडे. ऊन बदललेलं नसताना आकडा बदलतोय, म्हणजे मीटर पार्श्वभूमीच्या मागे धावतोय. म्हणून निरभ्र उन्हात, पक्ष्यावर थेट ऊन असताना, मॅन्युअल, म्हणजे आकडे आपणच ठरवायचे. दुसरं काही नको.

आकडे असे. एफ म्हणजे लेन्सचं छिद्र (अॅपर्चर; आकडा लहान तितकं छिद्र मोठं), शटर म्हणजे उजेड घ्यायचा वेळ, आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता. ऊन नीट वर आल्यावर एफ/१६ ला शटर आयएसओइतकं, हा जुना ठोकताळा इथे चालतो. आयएसओ ४०० असेल तर एफ/१६ ला १/४००, म्हणजेच एफ/७.१ ला १/२०००. हा आकडा साधारण मधल्या रंगाच्या पक्ष्याचा. पांढऱ्यासाठी दोन ते तीन क्लिक खाली यायचं. या बॉडीवर एक क्लिक म्हणजे स्टॉपचा तिसरा हिस्सा. तर एफ/७.१, १/२५००, आयएसओ ३२० हा बगळ्यांचा पाया धरा. जानेवारीत बेळगावकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्यानंतरचा पहिला तास उजेड एक-दोन स्टॉप कमी असतो, तेव्हा शटर १/१६०० पर्यंत उतरवायचं आणि बाकीची भर आयएसओने घालायची. डी५०० चं आयएसओचं बटण शटरच्या मागेच आहे, डोळा खिडकीवरून न हलवता बोट पोचतं. ही सोय छोटी, पण सकाळभर कामाला येते.

ठिकाणावर पोचल्यावर आधी एक गायबगळा शोधा (बेळगाव जिल्ह्यात तो शोधावा लागत नाही, म्हशीच्या पाठीवर असतोच). त्याचा एक फोटो घ्या. प्लेबॅकमध्ये हायलाइटची (जळलेल्या भागाची) उघडझाप आणि तीन रंगांचा आरजीबी हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) दोन्ही चालू ठेवा. पाठ लुकलुकायला लागेपर्यंत एक्सपोजर वाढवा, मग एक किंवा दोन क्लिक मागे या. हा आजच्या उन्हाचा आकडा. ऊन तसंच आहे तोवर त्याला हात लावायचा नाही, पक्षी आभाळापुढे असो, पाण्यापुढे असो की काळ्या खडकापुढे. ढग आला तर परत मोजा. एक खबरदारी: हिस्टोग्राम जेपीजीवरून बनतो, रॉवरून (कच्च्या फाइलवरून) नाही. पिक्चर कंट्रोल (जेपीजीच्या रंगांची सेटिंग) ‘विविड’ असेल तर तो नसलेलं जळणं दाखवतो. ‘फ्लॅट’ किंवा ‘न्यूट्रल’ ठेवला तर खऱ्याच्या जवळ जातो.

हे सगळं कशासाठी, तर ढोकरीसाठी. बसलेली ढोकरी मातकट, रेघारेघांची. कोणीही तिच्यासाठी दोन क्लिक उजेड वाढवेल आणि फोटो सुरेख येईल. ती उडाली की दोन्ही पंख शुभ्र पांढरे उघडतात आणि त्या वाढवलेल्या उजेडात एकही पीस शिल्लक राहत नाही. उडण्याच्या क्षणी डायल फिरवायला वेळ नसतो. म्हणून ढोकरी बसलेली असतानाच बगळ्याच्या आकड्यावर ठेवायची. बसलेले फोटो थोडे गडद येतात, ते रॉमध्ये उचलता येतात. जळलेला पंख उचलता येत नाही.

चांदवा या पाणपक्ष्याचं उलट. अंग काळं, कपाळ आणि चोच पांढरी. काळ्या पिसांत तपशील हवा म्हणून उजेड वाढवला की कपाळाची ढाल सपाट होते. इथे बगळ्याच्या आकड्यापेक्षा एक क्लिक वर, फार तर दोन, आणि उरलेलं काम नंतर सावल्या उचलून. पाणकावळ्याला पांढरं फारसं नसतं, त्याला तीन-चार क्लिक बिनधास्त द्या. कवड्या खंड्या हा खरा परीक्षक. काळा-पांढरा, पाण्यावर एका जागी फडफडत थांबणारा, मग सूर मारणारा. त्याला बगळ्याचाच आकडा, फक्त शटर १/३२००, आयएसओ २५० आणि अॅपर्चर उघडं एफ/५.६. फडफडताना पंखाची टोकं थोडी हलली तर चालतात, डोळा हलून चालत नाही.

डी५०० मध्ये हायलाइट-वेटेड मीटरिंग आहे, चिन्हाशेजारी तारा असलेलं. हे चालू केलं की बगळा वाचतो असं सर्रास सांगितलं जातं. अर्धं खरं आहे. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा पक्षी असेल तर ते उत्तम चालतं. पण पाण्यावर उन्हाची चमक असेल तर ते त्या चमकेलाच पांढरं समजून सगळी फ्रेम दीड-दोन स्टॉप अंधारी करतं. हिडकलच्या पाण्यावर सकाळी चमक असतेच. म्हणून हे मीटरिंग झाडीसाठी राखून ठेवावं. स्पॉट मीटरिंग निवडलेल्या फोकस बिंदूभोवतीच्या साडेतीन मिलिमीटरच्या वर्तुळाचं, म्हणजे फ्रेमच्या सुमारे अडीच टक्क्यांचं माप घेतं. बिंदू पंखावरून पाण्यावर घसरला की माप बदललं. उडत्या पक्ष्यासाठी ते निरुपयोगी.

लाल-केशरी पक्ष्यांचा सापळा वेगळाच. निखाराचा नर किंवा तिबोटी खंड्या उन्हाच्या कवडशात आला की पांढरा (एकूण उजेडाचा) हिस्टोग्राम मधोमध सुरक्षित दिसतो आणि लाल रंगाचा एकट्याचा हिस्टोग्राम उजव्या भिंतीला चिकटलेला असतो. फोटोत छाती पेटल्यासारखी दिसते पण पिसांच्या कडा नसतात. अशा वेळी लाल रंगाचा आलेख भिंतीपासून सुटेपर्यंत दोन-तीन क्लिक खाली. नीलकंठाच्या पंखातल्या निळ्याबाबतही हेच, थोड्या कमी प्रमाणात.

शार्प कधी येतो, कधी नाही

काचेबद्दल तक्रारीला जागा कमी आहे. ५०० ला, पूर्ण उघड्या एफ/५.६ ला मध्यभाग वापरण्याजोगा शार्प आहे. एफ/७.१ ला किंचित आणखी घट्ट होतो, एफ/८ नंतर मिळकत संपते आणि एफ/११ पासून या सेन्सरवर विवर्तनामुळे (लहान छिद्रातून उजेड पसरल्यामुळे) बारीक तपशील मऊ व्हायला लागतो. त्यामुळे ऊन असेल तर एफ/७.१, नसेल तर सरळ एफ/५.६. एफ/७.१ चा खरा फायदा खोलीत, म्हणजे पुढे-मागे किती भाग शार्प राहतो त्यात आहे. ५०० मिमी, एफ/५.६, पक्षी १० मीटरवर: शार्प पट्टी फक्त ९ सेंटिमीटरची. २० मीटरवर ती ३५ सेंटिमीटरच्या घरात जाते, ५ मीटरवर सव्वादोन सेंटिमीटर उरते. धनेश १० मीटरवर असेल आणि फोकस चोचीच्या टोकावर बसला तर डोळा पट्टीबाहेर गेलाच.

अंतराचा हिशोब लोक टाळतात, आणि निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे आहे. बुलबुलाएवढा, २० सेंटिमीटरचा पक्षी २० मीटरवर असेल तर या जोडीवर तो सुमारे १,२०० पिक्सेल लांब येतो. त्यात पिसं मोजता येतात. तोच ६० मीटरवर ४०० पिक्सेल. चारशे पिक्सेलात पापणी, डोळ्यातली चमक, पिसांचे काटे काहीही बसत नाही, मग लेन्स कितीही महाग असो. पुढे सरकता येत नसेल तर तो फोटो ओळखीपुरता समजावा, तक्रारीपुरता नाही.

त्यावर हवेचा मार. हिडकल-धुपदाळ पट्ट्यात हिवाळ्यातही साडेनऊ-दहानंतर पाण्यावरची आणि नांगरलेल्या रानावरची हवा लवलवायला लागते. एप्रिलमध्ये त्याच्याही बरंच आधी. लांबचे करकोचे तेव्हा पाण्यात भिजलेल्या चित्रासारखे दिसतात. शटर १/४००० केलं तरी फरक पडत नाही, कारण प्रतिमा लेन्समध्ये शिरण्याआधीच वाकलेली असते. ओळखायची खूण: एका जागी बसलेल्या पक्ष्याचे दहा फोटो सलग घ्या. दहातले दोन बरे, बाकीचे वेगवेगळ्या प्रकारे विस्कटलेले, कडा नागमोडी असतील तर ती हवा. दहाही सारखेच मऊ आणि पक्ष्यापुढचं किंवा मागचं गवत शार्प असेल तर फोकसची चूक. दहाही एकाच दिशेने ओढल्यासारखे असतील तर हात हलला. ही परीक्षा न करता एएफ फाइन ट्यूनला (फोकसची पुढे-मागे होणारी चूक सुधारणारी सेटिंग) हात लावणं म्हणजे ताप आहे की नाही हे न पाहता गोळी घेणं. एसी चालू असलेल्या गाडीची काच उघडून लगेच फोटो काढला तरी हेच होतं. थंड आणि गरम हवा खिडकीतच मिसळते. एसी आधी बंद करा, चारही काचा उघडा, दहा मिनिटं जाऊ द्या.

फाइन ट्यून खरोखर लागत असेल तर ते सकाळी, सावलीत, ट्रायपॉडवर. भिंतीवर ‘तरुण भारत’चं पान ताणून चिकटवा, मथळा आणि बारीक मजकूर दोन्ही फ्रेममध्ये येऊ द्या. लेन्स ५०० वर, एफ/५.६, अंतर १२-१५ मीटर, कॅमेरा पानाला काटकोनात. लाइव्ह व्ह्यूमध्ये मजकुरावर फोकस करा, मग एएफ-मोडचं बटण आणि व्हिडिओचं लाल बटण दोन्ही एकत्र दोन सेकंद दाबून धरा. बॉडी स्वतः आकडा सुचवते. एकदा करून थांबू नका. पाच वेळा करा, दर वेळी आधी फोकस बिघडवून. आकडे +२, +४, +३ असे जवळजवळ आले तर मधला घ्या. -६, +८ असे पसरले तर पद्धतीत खोट आहे, बहुधा ट्रायपॉड किंवा उजेड. मर्यादा -२० ते +२० ची आहे. टोकाजवळ आकडा येत असेल तर लेन्स दुरुस्तीला द्यायची. डी५०० एका लेन्सला एकच आकडा साठवते, म्हणून ५०० वरचाच ठेवावा, कारण वापर तिथेच होणार.

फोकसचे मोड: आभाळापुढच्या किंवा मोकळ्या पाण्यावरच्या उडत्या पक्ष्याला ग्रुप-एरिया (फोकस बिंदूंचा एक गट). तो गटातलं सर्वांत जवळचं पकडतो. याच स्वभावामुळे गवताआड बसलेल्या पक्ष्याला तो चालत नाही, पुढचं पातं पकडतो. तिथे सिंगल पॉइंट किंवा डी२५ (२५ बिंदूंचा मोड). अडथळा आला तर किती लवकर फोकस सोडायचा, ही सेटिंग मुळात ३ वर असते. बोरूंमधून जाणाऱ्या पक्ष्यासाठी ४ केली तर फोकस काडीवर उडी मारत नाही. लेन्सवरच्या फोकस लिमिटरला फुल आणि ६ मीटर ते अनंत अशा दोनच जागा आहेत. पाण्यावर दुसरी, हाइडमध्ये (लपून बसायच्या जागेत) फुल. दुसरीवर विसरून हाइडमध्ये पाच मीटरवरचा पक्षी पकडायला गेलं की लेन्स नुसती पुढे-मागे हुंकत राहते आणि दोष तिच्यावर येतो.

व्हीआरबाबत (हाताची थरथर सावरणारी लेन्समधली सोय) एक गोष्ट माहितीपुस्तिकेत असूनही हुकते. फोकससाठी मागचं एएफ-ऑन बटण वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं: एएफ-ऑन दाबल्याने व्हीआर सुरू होत नाही. शटर अर्धं दाबावंच लागतं आणि प्रतिमा स्थिरावायला अर्धा सेकंद द्यावा लागतो. थेट पूर्ण दाबलं तर पहिली फ्रेम हमखास मऊ. उडत्या पक्ष्याला आणि बर्स्टला (सलग फ्रेमना) व्हीआरचा स्पोर्ट मोड, त्यात खिडकीतलं चित्र फ्रेमागणिक उड्या मारत नाही. १/२००० च्या वर व्हीआर बंद केला तरी काही बिघडत नाही. ट्रायपॉडला घट्ट आवळलं असेल तर बंदच.

आणि तो यूव्ही फिल्टर काढा. ९५ मिमीचा स्वस्त फिल्टर ५०० मिमीवर जितकी धार खातो तितकी धूळसुद्धा खात नाही. काचेचं रक्षण हूड करतो.

घाटाकडे

खानापूर ओलांडून जांबोटी, कणकुंबी, हेमाडग्याकडे वळलं की वरचे सगळे आकडे निकामी होतात. पावसाळ्यात, ढगाळ सकाळी, ओढ्याकाठच्या झाडीत एफ/५.६ आणि आयएसओ ३२०० ला शटर १/६० च्या आसपास येतं. तिबोटी खंड्या याच दिवसांत, याच उजेडात असतो. तो फांदीवर निश्चल बसतो, फक्त मान वर-खाली झटकतो, एवढाच दिलासा. मोनोपॉड, व्हीआर नॉर्मल, सहा-सात फ्रेमचा बर्स्ट. पहिल्या फ्रेमला बोटाचा धक्का असतो, पुढच्या दोन-तीन कामाच्या निघतात. मागे गर्द काळोख असल्याने मॅट्रिक्स मीटर (सगळी फ्रेम मोजणारा) उजेड वाढवतो, म्हणून ऑटो आयएसओवर असाल तर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या आकड्यात आपण केलेली घट-वाढ) -०.७ ते -१ स्टॉप. उगाच अंधार ठेवून नंतर उचलण्यात मात्र फायदा नाही. या सेन्सरवर आयएसओ ३२०० पर्यंत पिसांचे काटे टिकतात, ६४०० ला नॉइज कमी करताना ते एकमेकांत मिसळतात. एआय डीनॉइज चांगलं काम करतं, पण त्याला पीस माहीत नसेल तर ते स्वतःच्या मनाने विणतं. स्लायडर ४०-५० च्या वर नेल्यावर तिबोटीची छाती प्लास्टिकची दिसते.

धनेशाचं दुखणं वेगळं. दांडेलीचा लाकूड डेपो कवड्या धनेशांसाठी प्रसिद्ध आहे (परवानगी घेऊनच आत जावं). धनेश उंच फांदीवर, मागे पांढरट आभाळ. मीटरवर सोडलं तर काळा कागद कापून चिकटवल्यासारखा पक्षी येतो. इथे +१.३ ते +२. आभाळ जळू द्या, त्याला काही तपशील नव्हताच. पण त्याच धनेशाच्या पोटावर पानांतून ऊन पडलं की पोट पांढरंफेक होतं, तेव्हा +०.३ वर परत या. पक्षी सावलीत आहे की उन्हात, आधी ते पाहायचं, आभाळ नंतर.

गणेशगुडीकडच्या पाणवठ्याच्या हाइडमध्ये ५०० मिमी बऱ्याचदा जास्तच होते. पक्षी पाच-सात मीटरवर येतो, झूम ३०० वर आणावी लागते, आणि एफ/५.६ मात्र तसाच राहतो. खरा प्रश्न तिथे सुरू होतो. ज्याचं बहुतेक काम घाटात आहे त्याने २००-५०० ऐवजी त्याच बॉडीवर ३०० मिमी एफ/४ पीएफ पाहावी. तीही २०१५ ची, वजन फक्त ७५५ ग्रॅम, एक स्टॉप जास्त उजेड. म्हणजे १/६० च्या जागी १/१२५. पाच मीटरवरचा तिबोटी तिच्यावर दोन हजार पिक्सेलच्या आसपास येतो, त्याहून जास्त तपशील कोणाला लागत नाही. हिडकलला मात्र ३०० तोकडी पडते. दोन्हीकडे चालेल अशी एकच लेन्स या दरात नाही. १.४ एक्सचा कन्व्हर्टर २००-५०० ला लावून ७०० करण्याचा मोह टाळावा. एफ/८ होतं, डी५०० चे १५३ पैकी १५ च फोकस बिंदू चालतात, त्यांतले निवडता येतात नऊ, आणि हवेची लवलव तेवढीच मोठी होते.

जुनी जोडी घेताना बॉडीचा शटर काउंट बघा. शटरची चाचणी दोन लाखांपर्यंतची आहे. ८०-९० हजार म्हणजे घाबरण्यासारखं नाही. डी५०० ची एक्सक्यूडी मेमरी कार्डं आता दुर्मिळ आणि महाग आहेत, फर्मवेअर १.३० किंवा पुढचं असेल तर त्याच खाचेत सीएफएक्सप्रेस टाइप-बी चालतं. नसेल तर आधी अपडेट करून घ्या, मग कार्ड विकत घ्या. लेन्स ५०० वर करून पुढून टॉर्च मारा आणि मागून तिरकी बघा. धुळीचे कण चालतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, तिथेच सौदा मोडा. घाटाजवळ वापरलेल्या लेन्समध्ये ही शक्यता जास्त. अॅपर्चर विजेवर चालतं, म्हणून एफ/१६ ला दहा फ्रेमचा बर्स्ट घ्या. सगळ्यांचा उजेड सारखा यायला हवा, एखादी फ्रेम उजळ आली तर पाती अडकतात. झूमची कडी सगळीकडे सारख्या जोराने फिरावी, कॉलर ढिली नसावी, आणि शटर अर्धं दाबल्यावर व्हीआरची बारीक गुणगुण ऐकू यावी, खडखड नाही.

घरी आणल्यावर जून ते सप्टेंबर लेन्स चामड्याच्या किंवा फोमच्या बॅगेत ठेवू नका. ड्राय कॅबिनेट असेल तर ४०-५० टक्के आर्द्रतेवर, नसेल तर हवाबंद डबा, त्यात निळे-गुलाबी होणारे सिलिका जेलचे खडे आणि एक छोटा आर्द्रतामापक. गुलाबी झालेले खडे कढईत मंद आचेवर हलवत राहिलं की पुन्हा निळे होतात. ती कढई मात्र वेगळी ठेवा, त्यात परत फोडणी नको.